हुकूमशहाचे भय सीमेबाहेर पडते तेव्हा

दीपमाळ (मूळ लेख)

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी क्रेमलिनमध्ये झालेली रशियाच्या सुरक्षा परिषदेची बैठक दूरचित्रवाणीवरून साऱ्या जगाला दाखवण्यात आली. पांढऱ्या खांबांच्या प्रशस्त दालनात एका टोकाला टेबलामागे व्लादिमीर पुतिन एकटे बसले होते आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, तोंडी परीक्षेला बसवलेल्या मुलांसारखे, देशाचे मंत्री आणि गुप्तचर संस्थांचे प्रमुख बसले होते. एकेकाने उठून ध्वनिक्षेपकापाशी जायचे आणि पूर्व युक्रेनमधील दोन्येत्स्क व लुहान्स्क या फुटीर प्रदेशांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्यता द्यावी की नाही यावर मत द्यायचे, असा तो प्रकार होता. परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख सर्गेई नारिश्किन यांची पाळी आली तेव्हा ते अडखळू लागले. पाश्चात्त्य देशांना एक शेवटची संधी द्यावी, अशा अर्थाचे काही ते बोलू पाहत होते, तोच पुतिन यांनी त्यांना स्पष्ट बोलण्यास फर्मावले. गडबडलेल्या नारिश्किन यांनी मग ते प्रदेश रशियात विलीन करण्यालाच पाठिंबा देऊन टाकला, आणि आपण त्याबद्दल बोलतच नाही आहोत असे सांगत पुतिन यांनी त्यांना पुन्हा मूळ प्रश्नावर आणले. तीन दिवसांनी रशियन सैन्य युक्रेनमध्ये घुसले.

ज्या माणसाच्या पदाचे प्रयोजनच मुळी बाहेरच्या जगाची खरी आणि प्रसंगी कडू माहिती सत्ताधीशाच्या कानावर घालणे हे आहे, त्याला स्वतःचे वाक्य धड पुरे करता येत नव्हते, हे त्या चित्रणात सगळ्यांनी पाहिले. कीव्ह झटपट हाती येईल या हिशेबाने पाठवलेल्या फौजा एप्रिलच्या सुरुवातीस त्या शहराच्या परिसरातून मागे घ्याव्या लागल्या. तो हिशेब चुकतो आहे हे ओळखणारे कोणी त्या दालनात असेलही, पण ते ओळखून त्याचा काय उपयोग होता?

एकाधिकारशाही राजवटी इतरांना धोकादायक का ठरतात याचे उत्तर आपण सहसा शासकाच्या महत्त्वाकांक्षेत किंवा क्रौर्यात शोधतो. मला ते भयात दिसते. ज्या भयाच्या बळावर राज्य चालते, तेच भय वर जाणारी माहिती गाळून टाकते आणि त्यातून चुकीची युद्धे होतात. उलट, शासकाला स्वतःच्याच प्रजेचे जे भय वाटत असते, ते त्याला परागंदा झालेल्यांच्या मागे सीमा ओलांडून जायला लावते आणि त्यात परक्या देशांतील रस्ते, विमाने व संगणक सापडतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण १९४१ सालचे आहे. १९३७-३८ च्या शुद्धीकरणात स्टालिनने लाल सेनेच्या पाचपैकी तीन मार्शलांचा काटा काढला होता आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या एकाहून अधिक प्रमुखांना गोळ्या घातल्या होत्या. जर्मन हल्ल्याची पूर्वसूचना टोकियोतून सोव्हिएत हेर रिचर्ड सोर्गे देत होता, बर्लिनमधूनही देणारे होते. जर्मन हवाई दलाच्या मुख्यालयातील एका सूत्राने हल्ल्याची तयारी पूर्ण झाल्याचे कळवले, तेव्हा त्या अहवालावर स्टालिनने त्या सूत्राला उद्देशून आईवरून शिवी लिहिली आणि हा माहिती देणारा नसून दिशाभूल करणारा आहे असा शेरा मारला. ही जून १९४१ च्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट आहे. २२ जूनला जर्मन फौजा सीमेच्या आत होत्या.

राजा बोले दळ हाले, हे खरेच आहे, पण राजाला दिसत नसेल तर दळ कुठे हालेल हा प्रश्न राजापुरता मर्यादित राहत नाही. याबद्दल, आणि विशेषतः आजच्या काळातील सायबर हल्ले, घातपात व अपप्रचार यांच्याशी त्याचा काय संबंध लागतो याबद्दल, इतरांचे मत वाचायला आवडेल.

कोरा कागद

आपण युद्धाची उदाहरणे दिलीत, परंतु माहिती दाबण्याच्या सवयीतून निर्माण होणारे धोके युद्धाविनाही सीमा ओलांडतात. २८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला आणि तेथील यंत्रे खणखणू लागली. प्रथम सर्वांना वाटले की आपल्याच केंद्रात गळती झाली आहे. शोधाशोध केल्यावर ध्यानात आले की ही धूळ वाऱ्याबरोबर आग्नेयेकडून, सुमारे १,१०० किलोमीटरवरून आलेली आहे. चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिलच्या पहाटेच झाला होता. शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० लोकांना हलवण्यासही दीड दिवस लागला होता आणि मॉस्कोने चार-पाच वाक्यांचे निवेदन दिले ते स्वीडनकडून विचारणा झाल्यानंतर, २८ तारखेच्या रात्री. त्यानंतरही कीव्हमध्ये १ मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे काढली गेली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, एवढी साधी गोष्ट अणुशक्ती बाळगणाऱ्या राजवटीला एका परक्या कामगाराच्या बुटांवरून शिकावी लागली.

वुहानमधील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांचे प्रकरण याच माळेतले आहे. त्यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या डॉक्टर वर्गमित्रांना, सार्स या श्वसनरोगासारखे रुग्ण आढळत असून काळजी घ्या, असा खासगी संदेश पाठवला. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून एका छापील समजपत्रावर सही घेतली. त्या कागदावर दोन प्रश्न होते: पुन्हा असे न करणे तुम्हाला जमेल का, आणि तुम्हाला समजले का. त्याखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ‘जमेल’ आणि ‘समजले’ अशा अर्थाचे शब्द लिहिले व त्यावर लाल शाईने अंगठे उमटवले. ७ फेब्रुवारीला त्यांचा कोविडने मृत्यू झाला. मार्चमध्ये ते समजपत्र चुकीचे होते असे सरकारने मान्य केले.

विशेष म्हणजे, याच देशाने २००३ मध्ये सार्सच्या वेळी हा धडा एकदा गिरवला होता. तेव्हा जियांग यानयोंग या लष्करी डॉक्टरांनी खरे आकडे प्रसारमाध्यमांना कळवले आणि त्यानंतर आरोग्यमंत्र्यांना व बीजिंगच्या महापौरांना पायउतार व्हावे लागले. रोगाची सूचना वर पोहोचवणारी संगणकीय व्यवस्थाही नंतर उभारली गेली. यंत्रणा होती, पैसा होता, तज्ज्ञ होते, आणि तरीही पहिल्या काही दिवसांत मधल्या अधिकाऱ्याने विचार केला तो रोगाचा नव्हे, वरिष्ठांच्या चेहऱ्याचा. साथीचे रोग हा सुरक्षेचा विषय मानायचा की नाही यावर पूर्वी वाद घातला जात असे. तो वाद आता कोणी घालू नये.

पूर्वपक्ष

लेख वाचनीय आहे, पण एकतर्फी आहे, असे नम्रपणे नोंदवतो.

२० मार्च २००३ रोजी इराकवर चाल करून जाणारे अमेरिका व ब्रिटन हे दोन्ही प्रमुख देश लोकशाही होते. ज्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी ते युद्ध झाले ती सापडलीच नाहीत. तेथेही नेत्यांना हवे ते सांगणारी गुप्तवार्ताच वर गेली होती आणि तेथे कोणाला गोळी घातली जाण्याची धास्ती नव्हती. म्हणजे होयबा तयार व्हायला हुकूमशाहीच लागते असे नाही, बढतीची आशा पुरते. इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रातील युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवणारी स्टक्सनेट ही संगणकीय कीड २०१० मध्ये उघडकीस आली. तिचे जनकत्व अमेरिका व इस्रायल यांनी अधिकृतपणे कधी स्वीकारलेले नाही, पण या क्षेत्रातील बहुतेक अभ्यासक ते गृहीत धरतात. प्रत्यक्ष यंत्रसामग्रीची मोडतोड करणाऱ्या सायबर शस्त्राचा पायंडा तिथे पडला. पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर एका लोकशाही देशातील कंपनीने तयार केले आणि ते विकत घेणाऱ्यांत निवडून आलेली सरकारेही होती.

आणखी एक. कित्येक एकाधिकारशाही राजवटी दशकानुदशके कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा राहिल्या आहेत. सगळ्यांना एकाच तराजूत घालणे शास्त्रीय होणार नाही.

दीपमाळ

पूर्वपक्ष, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि तो लेखात यायला हवा होता. फरक मला पुढच्या काळात दिसतो. इराक युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल सात वर्षे रखडला खरा, पण जुलै २०१६ मध्ये तो सुमारे २६ लाख शब्दांनिशी छापला गेला आणि स्वतःच्या पंतप्रधानाच्या निर्णयप्रक्रियेची त्यात चिरफाड झाली. पेगाससच्या प्रकरणात स्पेनच्या गुप्तचर प्रमुखांना मे २०२२ मध्ये पदावरून दूर केले गेले आणि युरोपीय संसदेने चौकशी समिती बसवली. यामुळे मेलेली माणसे परत येत नाहीत, आणि ज्यांनी निर्णय घेतले त्यांपैकी फारसे कोणी तुरुंगात गेले नाही, हेही कबूल करतो. पण पुढच्या अधिकाऱ्याला वाचायला एक कागद उरतो. नारिश्किन यांच्या त्या बैठकीवर असा अहवाल मॉस्कोत कोण लिहिणार आहे?

सांजवेळ

तराजूचा मुद्दा महत्त्वाचा असल्याने त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

राज्यशास्त्रज्ञ बार्बरा गेडेस यांनी एकाधिकारशाहीचे लष्करी, एकपक्षीय आणि व्यक्तिकेंद्री असे प्रकार पाडले, ते या विषयाच्या अभ्यासकांत रुळले आहेत. पुढे जेसिका वीक्स यांनी याच धर्तीवर संघर्षांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की मुलकी पुढाऱ्यांच्या पक्षाकडे सत्ता असलेल्या राजवटी युद्धाची कळ काढण्यात लोकशाही देशांहून फार वेगळ्या नसतात. कारण तेथे नेत्याला जाब विचारणारे, त्याला हटवू शकणारे सहकारी असतात. धोकादायक ठरतात त्या एका व्यक्तीभोवती फिरणाऱ्या राजवटी आणि लष्करशहा. म्हणजे प्रश्न निवडणुकीपुरता नाही, शासकाला ‘नाही’ म्हणू शकेल असे कोणी खोलीत आहे का, हा आहे.

निकिता ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबात क्षेपणास्त्रे नेऊन ऑक्टोबर १९६२ मध्ये जगाला अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आणले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, त्यांच्याच पक्षाच्या सहकाऱ्यांनी या आणि इतर दुःसाहसांचा पाढा वाचून त्यांना घरी बसवले. ते निवृत्तिवेतन घेत जगले आणि १९७१ मध्ये अंथरुणात वारले. ती लोकशाही नव्हती, पण लगाम होता. आज पाहिले तर चीनने मार्च २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. विरोधात पडलेली मते होती दोन. रशियाने २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिन यांना २०३६ पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी करून दिली. एकपक्षीय राजवटींचे व्यक्तिकेंद्री राजवटींत होणारे हे रूपांतर मला कोणत्याही एका क्षेपणास्त्रापेक्षा अधिक काळजीचे वाटते.

लष्करशहांचे म्हणाल तर अर्जेंटिनाचे गाल्तिएरी हा नमुना पाहावा. महागाई आणि बेपत्ता झालेली हजारो माणसे यांमुळे जनता खवळली होती. ३० मार्च १९८२ ला ब्युनोस आयर्समध्ये मोठी निदर्शने झाली आणि पोलिसांनी ती झोडपून काढली. २ एप्रिलला सैन्य ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर उतरले आणि त्याच शहरात लोक जयजयकार करू लागले. मोहिमेची तयारी आधीपासून चालू होती हे खरे, पण घरची चूल विझू लागली की शेजाऱ्याच्या छपरावर निखारा टाकायचा, हा मोह तेथे स्पष्ट दिसतो. १४ जूनला तेथील अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली, आणि पुढच्याच वर्षी अर्जेंटिनात निवडणूक झाली.

जगातील लोकशाहीचे मोजमाप करणाऱ्या, गोथेनबर्ग विद्यापीठातील व्ही-डेम संस्थेच्या २०२५ च्या अहवालात ९१ देश एकाधिकारशाहीत आणि ८८ लोकशाहीत मोडलेले आहेत. गेल्या दोन दशकांत प्रथमच पारडे असे झुकले आहे. या ९१ मध्ये किती खोल्यांत ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले आहे, हे मोजणारा अहवाल मात्र कोणाला काढता येणार नाही.

आडवाट

मूळ लेखातील दुसऱ्या भयाकडे, म्हणजे परागंदा झालेल्यांच्या पाठलागाकडे, अजून कोणी वळलेले नाही म्हणून लिहितो.

२३ मे २०२१ रोजी अथेन्सहून विल्नियसला निघालेले रायनएअरचे विमान बेलारूसच्या हद्दीतून जात होते आणि लिथुआनियाची सीमा अगदी जवळ आली होती. तेव्हा विमानात बॉम्ब असल्याचे सांगून ते मिन्स्ककडे वळवण्यास वैमानिकाला सांगण्यात आले. विल्नियस त्याहून जवळ होते. सोबतीला मिग-२९ लढाऊ विमान पाठवले गेले. विमान वळल्याचे लक्षात येताच २६ वर्षांचा एक प्रवासी घाबराघुबरा झाला, त्याने वरच्या कप्प्यातील सामान काढले आणि लॅपटॉप व फोन शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या हाती दिले, असे सहप्रवाशांनी नंतर सांगितले. तो रामान प्रतासेविच होता. २०२० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर बेलारूसमध्ये उसळलेल्या निदर्शनांच्या बातम्या पसरवणाऱ्या टेलिग्राम वाहिनीचा तो माजी संपादक होता. मिन्स्कला उतरल्यावर दोघांना अटक झाली आणि काही तासांनी बाकीचे प्रवासी विल्नियसला रवाना झाले. बॉम्ब नव्हताच. ती धमकी जाणूनबुजून खोटी दिली गेली होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०२२ मध्ये काढला.

एका पत्रकाराला पकडण्यासाठी शंभराहून अधिक परक्या माणसांचे विमान आकाशातून खाली ओढले गेले, यातले प्रमाण लक्षात घ्या. युरोपने बेलारूसच्या विमानांना आपले आकाश बंद केले. त्यानंतर काही महिन्यांतच इराक आणि इतर ठिकाणांहून मिन्स्कला आणलेल्या हजारो लोकांना पोलंड व लिथुआनियाच्या सीमेवरच्या जंगलात ढकलण्यात आले. माणसांचा लोंढाच हत्यार म्हणून वापरला गेला. पोलंडने तेथे १८६ किलोमीटरचे पोलादी कुंपण घातले, आणि त्या थंडीत जंगलात मेलेल्यांची जबाबदारी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर टाकली.

अशा पाठलागात जवळपासचे कोण सापडेल याला धरबंध नसतो. मार्च २०१८ मध्ये सॉल्सबरी येथे माजी रशियन हेर सर्गेई स्क्रिपाल यांच्या दाराच्या मुठीला नोव्हिचोक हे विष लावले गेले. ते आणि त्यांची मुलगी वाचले. ज्या बनावट अत्तराच्या कुपीतून ते विष आणले होते, ती टाकून दिलेली कुपी काही महिन्यांनी एका माणसाला सापडली आणि त्याने ती आपल्या मैत्रिणीला भेट दिली. डॉन स्टर्जेस नावाच्या त्या स्त्रीने अत्तर समजून ते मनगटावर फवारले. ८ जुलै २०१८ रोजी ती मरण पावली. तिचा रशियाशी, हेरगिरीशी, कशाशीच काही संबंध नव्हता.

हाँगकाँगमध्ये तर हा पाठलाग कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. ३० जून २०२० पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे ३८ वे कलम हाँगकाँगबाहेर, हाँगकाँगचे रहिवासी नसलेल्यांनी केलेल्या कृत्यांनाही लागू होते. जुलै २०२३ मध्ये परदेशी राहणाऱ्या आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस लावले गेले.

तारयंत्र

संगणकीय सुरक्षेशी माझा रोजचा संबंध असल्याने त्या बाजूने भर घालतो.

२३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधील एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप हलू लागला आणि एकामागून एक उपकेंद्रे बंद करू लागला. माऊस हातात धरून काही उपयोग होईना, कारण ताबा दुसरीकडून घेतला गेला होता. तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, आणि तक्रार करायला फोन लावावा तर बनावट कॉलच्या भडिमाराने तक्रार केंद्रही ठप्प झाले होते.

जून २०१७ मधले नॉटपेट्या हे त्याच्या पुढचे पाऊल. युक्रेनमधील कंपन्या कर भरण्यासाठी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अद्ययावत आवृत्तीतून ही कीड सोडली गेली. खंडणी मागण्याचे तिने सोंग आणले होते, पण तिचा खरा उद्योग माहिती पुसून टाकण्याचा होता. अमेरिका व ब्रिटन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये तिचा ठपका रशियन लष्करावर ठेवला. लक्ष्य युक्रेन होते, पण कीड सीमा ओळखत नाही. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची बंदरे थंडावली, औषध कंपन्या सापडल्या, आणि खुद्द रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीनेही आपल्यावर हल्ला झाल्याचे जाहीर केले. एकूण नुकसान १,००० कोटी डॉलरहून अधिक झाल्याचा अमेरिकी सरकारचा अंदाज होता. मर्स्कच्या मध्यवर्ती यंत्रणेच्या साऱ्या प्रती पुसल्या गेल्या, फक्त घानामधील एक वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती!

उत्तर कोरियाचे प्रकरण निराळे आहे, कारण तेथे सायबर हल्ला हा सरकारी उत्पन्नाचा मार्ग आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला. गुरुवारची रात्र मुद्दाम निवडलेली होती: शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, आणि सोमवारी फिलिपीन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर बंद पडला होता, पण तो रोजचाच बिघाड समजून कोणी फारसे मनावर घेतले नाही. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे अडकले. ८ कोटी १० लाख मात्र फिलिपीन्सला पोहोचले आणि त्यांतले बहुतेक जुगारअड्ड्यांत विरघळले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने फेब्रुवारी २०२५ मधील बायबिट या कूटचलन (क्रिप्टो) बाजारावरील १५० कोटी डॉलरच्या चोरीचा ठपकाही याच देशावर ठेवला आहे.

या चोऱ्यांतून अण्वस्त्र कार्यक्रमाला पैसा जातो असे सांगणारे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ मंडळ होते. मार्च २०२४ मध्ये रशियाने त्याच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला आणि मंडळ बंद पडले. त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या बाजूने लढायला रशियातील कुर्स्क प्रांतात दाखल झाले. देवाणघेवाण इतकी उघड असताना तिला गुप्त तरी का म्हणावे?

पूर्वपक्ष

तारयंत्र यांच्या प्रतिसादावरून माझ्या मनातला खरा प्रश्न मांडतो. हल्ला कोणी केला हे सिद्धच करता आले नाही, किंवा सिद्ध झाले तरी खटला चालवता आला नाही, तर कायद्याने बांधलेल्या देशाने करायचे काय?

२५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंड व एस्टोनिया यांना जोडणारी एस्टलिंक-२ ही समुद्रतळाची वीजवाहिनी आणि चार दूरसंचार तारा तुटल्या. कूक बेटांचा झेंडा लावलेल्या (म्हणजे तेथे नोंदणी असलेल्या) आणि रशियन तेल घेऊन निघालेल्या ईगल एस या टँकरने सुमारे ९० किलोमीटर नांगर फरफटत नेला, असा फिनलंडच्या पोलिसांचा आरोप होता. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून उतरून जहाज ताब्यात घेतले गेले तेव्हा सर्वत्र वाहवा झाली. पुढे कप्तान व दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने तो आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून काढून टाकला, कारण नुकसान फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर झाले होते आणि १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे अशा घटनेत खटल्याचा अधिकार जहाजाच्या झेंड्याच्या देशाला किंवा आरोपींच्या मायदेशांना असतो. नांगर मुद्दाम टाकला होता की निष्काळजीपणाने सुटला, याचा निवाडा झालाच नाही.

मला त्या न्यायालयाचे कौतुक वाटते आणि त्याच वेळी चिंताही वाटते. ज्याला कायदा मोडायचा आहे त्याने कायद्यातील भेगा मोजून ठेवल्या आहेत.

दीपमाळ

त्या भेगा बुजवायला हव्यात, आणि झेंडा भाड्याने देणाऱ्या देशांवर दबाव आणणे ही त्याची पहिली पायरी असू शकेल. पण त्यासाठी हेलसिंकीच्या न्यायाधीशांनी कायदा वाकवला असता तर मला अधिक वाईट वाटले असते. सांजवेळ यांनी म्हटलेला, खोलीत ‘नाही’ म्हणणारा माणूस, या प्रकरणात तो न्यायाधीश होता, आणि त्याने आपल्याच सरकारला ‘नाही’ म्हटले.

तोवर टिकून राहण्याची तयारी करणे एवढेच हाती उरते. स्वीडनने नोव्हेंबर २०२४ पासून घरोघरी एक पुस्तिका वाटली, तिच्यात पाणी किती साठवावे, वीज गेली तर ऊब कशी राखावी, खोटी बातमी कशी ओळखावी आणि देशावर हल्ला झाला तर प्रतिकार थांबवल्याची कोणतीही बातमी खोटी समजावी, असे साध्या भाषेत लिहिले आहे. सरकार स्वतःच्या नागरिकांना वाईट शक्यता आधीच सांगते, हे मला त्यात विशेष वाटले.

तारयंत्र, तुम्ही वर्णन केलेल्या त्या २०१५ च्या हल्ल्यानंतर काही तासांतच वीज परत आली होती, असे माझ्या वाचनात आहे. ती कशी आली?

तारयंत्र

माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी बंद पडलेले ब्रेकर (विजेचे मोठे खटके) हाताने चालू केले. त्या भागातील यंत्रसामग्री जुनी होती, त्यामुळे हाताने चालवायची सोय अजून शाबूत होती आणि ती चालवता येणारी माणसेही नोकरीत होती. एक ते सहा तासांत बहुतेक ठिकाणी दिवे लागले. संगणकावरून नियंत्रण मात्र पुढे बराच काळ पूर्ववत झाले नव्हते, आणि त्या काळात उपकेंद्रांचा कारभार फोनवर बोलून हातानेच चालवला गेला.